मुक्या आरतीचं गाव

एका वाक्याची दुरुस्ती करायला मी यंदा वैशाखात बागलाणात जाऊन आलो. वाक्य माझंच होतं, आणि ते लिहून तीसेक वर्षं झाली होती.

माझी सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी विभागात गेली. केसाएवढी चूक दिसली तरी भाग परत पाठवायचा, हेच माझं काम. रविवारी मात्र एसटीत बसून मी जिल्ह्यातली खेडी बघत हिंडायचो आणि एका स्थानिक साप्ताहिकात त्यांच्याविषयी लिहायचो. तिथं माझं लिखाण तपासणारं कोणी नव्हतं.

असाच एकदा सटाण्याच्या पुढं, नदीच्या एका मोठ्या वळणावरच्या गावी गेलो होतो. वळणाच्या आतल्या बाजूला एक गाव, बाहेरच्या बाजूला दुसरं. मी त्यांना ऐलगाव आणि पैलगाव म्हणतो. खरी नावं एकदा छापून बसलो आहे, तेवढं पुरे. दोघांची ग्रामपंचायत एक आणि देवीही एक. देऊळ ऐलगावच्या काठावर. त्या दिवशी देवळाच्या पारावर गावसभा चालली होती आणि सभेत सगळे पुरुष होते. मी सहज विचारलं, बाया कशा नाहीत? तेव्हा धोंडूआप्पा नावाचा एक उमदा गडी तंबाखू मळता मळता म्हणाला, "आमची देवी लय मानी हाय, साहेब. तिच्या म्होरं दुसऱ्या बाईचा आवाज तिला खपत नाय. एका घरात दोघी बोलायला लागल्या म्हंजे काय हुतं, तुम्हाला ठाऊक नाय का?"

सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी फाट्यावर एसटीची वाट बघत असताना वावरातून परतणाऱ्या बाया भेटल्या. हातपाय मातीनं भरलेले, अंगाला कांद्याचा वास. त्यांच्यातली पैलगावची ठगूबाई धिटाईनं जवळ आली आणि काय लिहून घेतलं म्हणून विचारलं. मी आप्पाचं बोलणं सांगितलं. ती इतकी हसली की डोक्यावरची पाटी तिला खाली ठेवावी लागली. बाया सभेत नव्हत्या, कारण कांदा काढायला गेल्या होत्या. आणि देवीशी तर आपण दर मंगळवारी भांडायला जातो, असं तिनं मला सांगितलं. मी ते स्पष्ट ऐकलं.

पण एसटीत बसेपर्यंत माझं वाक्य तयार झालं होतं: 'या गावची देवी मानी आहे, तिच्यासमोर स्त्रीचा स्वर उमटत नाही, म्हणून इथल्या स्त्रिया देवळात आणि गावसभेत मौन पाळतात.' ठगूबाईला लेखात घेतलं असतं तर हे वाक्य मोडलं असतं. मी ठगूबाईला गाळलं.

फेब्रुवारीत एक बाई पत्ता शोधत आमच्या नाशिकच्या घरी आली. रंजना नाव, पैलगावची, ठगूबाईची सून. तिनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. देवळाच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, माझा लेख मोठा करून लावलेला.

"हे तुम्हीच लिहिलं ना?"

"हो."

"खरं हाय का हे?"

आमच्या हिनं पाण्याचा तांब्या तसाच हातात धरला आणि माझ्याकडं बघितलं. मी मोबाइल रंजनाला परत दिला. मग रंजनानं जे सांगितलं ते थोडक्यात असं: देवळाच्या पारावरची ग्रामसभा पुढं शाळेच्या ओट्यावर व्हायला लागली होती. वाळूला भाव आला तशी ऐलगावकरांनी देवळाला मोठा सभामंडप बांधला आणि सभा तिथं नेली. मंडपात बायांनी बोलायचं नाही. का, तर प्रथा. पुरावा काय, तर भिंतीवरची चौकट. आता नदीतली पैलगावच्या विहिरीखालची वाळू काढायचा ठराव एक मेच्या सभेत येणार होता. वाळू गेली की विहीर जाणार. पैलगावचे पुरुष ऐलगावच्याच ट्रॅक्टरवर रोजानं जातात, ते तोंड उघडणार नाहीत. बोलायला फक्त बाया उरतात, आणि त्यांना बोलता येत नाही.

ती गेल्यावर ही म्हणाली, "फ्लॅट माझ्या नावावर आहे आणि सोसायटीच्या सभेला इतकी वर्षं तुम्ही जाताय. आता एकदा त्या सभेला जाऊन या."

फ्लॅट तिच्या नावावर आहे तो बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते म्हणून. आमच्या इमारतीत निम्मे फ्लॅट असेच आहेत. सभेला मात्र आम्ही पुरुषच खुर्च्या टाकून बसतो. तिथं देवी नाही.

ऐलगाव

सटाण्याहून रिक्षानं निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांदा साठवायच्या चाळी भरायचं काम चाललं होतं. बाया ओळीनं बसून कांदा निवडत होत्या, आणि हवेत तो उग्र गोडसर वास. ऐलगाव जवळ आलं तशा बाया दिसेनाशा झाल्या. घरं दुमजली, बाहेरून फरशी लावलेली. दारोदार ट्रॅक्टर. आणि ओट्याओट्यावर पिण्याच्या पाण्याचे निळे जार. नदीकाठच्या गावात विकतच्या पाण्याचे जार बघून मी रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "विहिरी आटल्या ना बाबा. वाळू गेली, पाणी कुठं थांबंल?" आणि पुढं हसत, "पण पैसा थांबला."

धोंडूआप्पा ओसरीवर खाटेवर बसला होता. पंच्याऐंशीच्या घरातला, दात गेलेले, पण मस्करी शाबूत. मी नाव सांगताच तो खाटेवरून उठू लागला. "आरं, आमचं लेखकमहाराज! बापू, अय बापू, बघ कोन आलंय! ह्येंच्यामुळं गाव मोठं झालं!"

बापू म्हणजे त्याचा मुलगा. पन्नाशीचा, पांढरे कपडे, बोलणं अगदी मऊ. वाळूचा सगळा कारभार त्याचा. माझ्या पाया पडला. माझी बॅग त्यानं स्वतः उचलून आत नेली आणि मला वरची खोली दिली. मी ज्यासाठी आलो होतो ते त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण सांगितलं नाही. यजमान पाया पडून उठत असताना त्याच्या घरात भांडण काढणं मला जमलं नाही.

चहा बापूच्या बायकोनं आणला. मनीषा. दारावर पाटी होती तिच्या नावाची: सरपंच. तिनं ट्रे ठेवला, पदर सावरला आणि आत गेली.

"सरपंच तुमच्या मिसेस?" मी विचारलं.

"हो ना, महिलांची जागा निघाली," बापू म्हणाला. "सही तिची, धावपळ माझी."

"ती भी लय हुशार हाय बरं का," आप्पानं मध्येच घातलं. "माहेरी कांद्याचा सगळा व्यवहार हीच बघायची. लिलावात उभी ऱ्हायची, येपाऱ्यासंगट भांडायची. हितं आली आन् मी सांगितलं, बाई, आता आमच्या घरची बाई वावरात जात नाय आन् बाजारात भी नाय."

"पूर्वी जायच्या की," मी म्हटलं. "मी आलो तेव्हा तुमचीही मंडळी कांद्यात होती."

"तवा वाळू नव्हती." आप्पा मिशीत हसला. "वाळू व्हती. गिऱ्हाईक नव्हतं."

आता ऐलगावच्या कांद्याला पैलगावच्या आणि पार सुरगाण्याकडच्या बाया रोजानं येतात. ऐलगावच्या बायांचं काय चालतं, हे मला त्या संध्याकाळी देवळात दिसलं.

आरतीला शंभरेक बाया तरी असाव्यात. चांगल्या साड्या, हातात तबकं. आरती पुरुष म्हणत होते, आणि बाया फक्त टाळ्या वाजवत होत्या. ओठ मिटलेले. टाळ्या अगदी एका ठेक्यात, हलक्या, पावसाची सर कौलांवरून सरकत जावी तशा. मनीषा पहिल्या ओळीत डोळे मिटून उभी होती. बाहेरगावाहून आलेल्या काही बायाही होत्या; अकरा मंगळवार मुकी आरती केली की नवस पुरा होतो असं आता मानतात, आणि त्यासाठी नारळाची दोन दुकानंही लागली आहेत.

मी एका खांबाला टेकून बघत राहिलो. माझ्या एका वाक्यातून हे सगळं उगवलं होतं, आणि ते ओंगळ असतं तर मला सोपं गेलं असतं. ते सुंदर होतं. भिंतीवर माझी चौकट होती, तिलाही कोणी हळदकुंकू लावलं होतं.

रात्रीच्या जेवणाला शेवेची भाजी, बाजरीची भाकरी आणि जारचं थंड पाणी. मी भाकरी अर्धीच ठेवली. आप्पा म्हणाला, "तिखट लागलं व्हय?" मी हो म्हटलं.

पैलगाव, आखाजीच्या दिवशी

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया, या भागाच्या भाषेत आखाजी. आमच्या नाशकात ती आंब्याची आणि सोन्याच्या दुकानांची. इथं ती माहेरवाशिणींची. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि त्या दिवशी त्यांना कोणी काम सांगायचं नाही.

सकाळी नदी पायी ओलांडायला निघालो. नकाशात नदी आहे. प्रत्यक्षात ऐलगावच्या बाजूला खड्डेच खड्डे, कमरेएवढे, काही डोक्याएवढे, तळाशी हिरवं पाणी. वळणाच्या आतल्या बाजूला नदी वाळू टाकत जाते, बाहेरच्या बाजूला काठ खात जाते. त्यामुळं ऐलगावच्या पदरात वाळू पडली आणि पैलगावच्या पदरात खडक. दोन गावांमधला सगळा फरक एवढाच, एका वळणाचा. पैलगावच्या काठाला चिकटून मात्र वाळूचा एक पट्टा शिल्लक आहे, आणि त्यात ती विहीर.

एका खड्ड्याच्या कडेनं जाताना कड ढासळली. मी गुडघ्यापर्यंत गाळात. पाय निघाला, चप्पल राहिली. समोरून रंजना धावत आली आणि हात देऊन मला वर ओढलं.

"दुसरी भी काढून टाका आता," ती म्हणाली. "एका चपलीनं काय करताय?"

पैलगावात मी अनवाणीच शिरलो. घरं बसकी, मातीची, काहींवर पत्रे. रंजनाच्या अंगणात मोठं खापर चुलीवर पालथं घातलं होतं आणि ती पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर फिरवत रुमालाएवढा, मग उपरण्याएवढा करून त्यावर टाकत होती. मी आयुष्यात अनेक ठिकाणी जेवलो. आमरस आणि तो गरम, कागदासारखा पातळ मांडा, याच्या तोडीचं फार कमी वेळा मिळालं. वर विहिरीचं पाणी. गोड, वाळूतून गाळून आलेलं.

ठगूबाई कोपऱ्यात पाय पसरून बसली होती. वाळून काटकी झालेली. पार बहिरी.

"हाऊ कोन शे?" हा कोण, असं तिनं अहिराणीत सुनेला विचारलं.

"नाशिकचे साहेब!" रंजना तिच्या कानाशी ओरडली. शेजारच्या अंगणातली कोंबडी उडाली. "लेख लिव्हला व्हता ते!"

"कोन मेला?"

"कोनी नाय मेलं! लेख! लेख लिव्हला व्हता!"

म्हातारीनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग म्हणाली, "मी याले तवयच सांगेल व्हतं." याला मी तेव्हाच सांगितलं होतं. बस, एवढंच. आणि मला अजून एक मांडा वाढायला सांगितलं.

रंजनानं मग सांगितलं की रोज चार वाजता उठून ती कांद्याला जाते, कधी ऐलगावातच बापूच्या मळ्यात. "मनीषाबाई आमची मजुरी देती. दारातच. बोलायला चांगली हाय. पण देवळात गेली की दगड. आन् आमचं भी तसंच. मागल्या सभेत मी उभी ऱ्हायले, तर माझ्याच नवऱ्यानं हात धरून खाली बसवलं. म्हनला, देवीचा कोप व्हईल."

"तुला वाटतं होईल?"

तिनं चुलीत लाकूड सारलं. "दिवसा नाय वाटत."

पैलगावच्या काठावर देवीचा एक तांदळा आहे, शेंदूर लावलेला बिनघडीव दगड. ऐलगावच्या देवळातली तीच ही. संध्याकाळी गौराई विसर्जनाला सगळ्या पोरीबाया त्या दगडापाशी जमल्या आणि गाणी सुरू झाली, अशा खणखणीत आवाजात की खालच्या झाडावरचे बगळे उठले. मग मला एक गंमत बघायला मिळाली, जिची माहिती माझ्या त्या लेखात असायला हवी होती. आखाजीला इथं दोन काठांवरच्या बाया एकमेकींना शिव्या देतात. नदीच्या या काठावरून त्या काठावर. रीतच आहे.

"ऐलगावन्या बाया, आयका वं! तुमना नवरा ट्रॅक्टरसंगे झोपस!"

हशा. दुसरी पुढं झाली. "आन् ट्रॅक्टर भी त्याले नको म्हनस!"

मीसुद्धा हसलो. पण समोरच्या काठावरून उत्तर आलं नाही. पूर्वी तिकडून याच्या दुप्पट यायच्या, रंजना म्हणाली. आता आठ-दहा वर्षं येत नाहीत. चांगल्या घरच्या बायांनी काठावर येऊन शिव्या द्यायच्या नाहीत असं तिकडं ठरलंय. आज तिकडच्या घाटावर काही बाया उभ्या होत्या, पदर धरून, बघत. एक तर तोंडाला पदर लावून हसत असावी. खांदे हलत होते. पण आवाज नाही.

पैलगावच्या पोरी अजून थोडा वेळ ओरडल्या. मग थकल्या. उत्तरच नसेल तर शिव्या तरी किती देणार?

मी रंजनाला म्हटलं, उद्या सभेत मी उभा राहतो आणि खरं काय ते सांगतो. मग तुम्ही बोला. ती म्हणाली, "सांगा. पण आज मुक्काम कुठं हाय तुमचा?" मुक्काम बापूच्या घरी होता.

एक मे

झेंडावंदन झालं आणि सभा मंडपात सुरू झाली. वर पंखे, खाली गुळगुळीत फरशी. मी आप्पाच्या रबरी चपला घालून आलो होतो, त्या दाराशी काढल्या. पुढं दोनशेक पुरुष. मागं पायऱ्यांजवळ पैलगावच्या पंधरा-वीस बाया, त्यांच्यात रंजना, आणि तिनं ठगूबाईलाही आणलं होतं. म्हातारी हट्टच धरून बसली होती म्हणे. ऐलगावच्या बाया नव्हत्या. महिलांची वेगळी ग्रामसभा आदल्या दिवशी 'झाली' होती. म्हणजे सह्यांसाठी वही घरोघर फिरली होती. मनीषा अध्यक्षांच्या खुर्चीत बसली होती, पदर डोक्यावर, नजर टेबलावर. माइक बापूच्या हातात.

ग्रामसेवकानं ठराव वाचला. बापूनं विचारलं, "कुणाची हरकत?" आणि थांबलाही नाही. "हरकत नाही म्हणून—"

"मला बोलायचं आहे," मी म्हटलं.

मी उभा राहिलो. मी सगळं सांगितलं. आप्पानं केलेली मस्करी, फाट्यावर भेटलेली ठगूबाई, मी तिला का गाळलं. "भिंतीवरचं ते वाक्य मी लिहिलं, आणि ते खोटं आहे, हे लिहिताना मला माहीत होतं. इथं अशी प्रथा नव्हती."

मग बापू शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही आमचे पाहुणे. वयानं मोठे. पण मला सांगा, तेव्हा तुम्ही खोटं बोलला होता, तर आज खरं बोलताय कशावरून? काल तुम्ही मांडे कुठं खाल्ले ते अख्ख्या गावानं बघितलं."

हशा उसळला. कोणी तरी म्हणालं, "मांडे भारी व्हते का, बाबा?"

"आप्पांना विचारा," मी म्हटलं. "आप्पा इथंच आहेत."

सगळे आप्पाकडं वळले. म्हातारा खांबाशी खुर्चीत बसला होता. त्यानं मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी म्हनलो असंल काय तरी," तो पुटपुटला. "पर देवीनं ते खरं केलं आसंल तर? तिच्या मनातलं तिनं माझ्या तोंडातून काढलं, असं भी आसतं."

मी उभा होतो आणि माझी दुरुस्ती माझ्यादेखत पडली होती. खरं सांगायला मी तीस वर्षं उशिरा आलो होतो. तोवर त्या खोट्याला घर, मंडप, नवस सगळं झालं होतं. मी खाली बसलो.

तेवढ्यात मागून खरखरीत, मोठा आवाज आला.

"काय सांगी ऱ्हायना हाऊ?"

ठगूबाई. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. सगळा मंडप चपापला. पुढच्या रांगेतला एक जण "शूऽऽ" म्हणाला, पण ते तिला कसं ऐकू येणार?

"अगं रंजना, काय सांगी ऱ्हायना? माले आयकू येस नही!"

रंजनानं तिच्या हातावर हात ठेवला, गप्प राहायची खूण केली. म्हातारीनं हात झटकला. "सांग ना वं!"

रंजनानं नवऱ्याकडं बघितलं. तो पुरुषांत बसला होता. आता सासूला उत्तर देणं म्हणजे काही सभेत बोलणं नव्हे. ती सासूच्या कानाशी वाकली आणि एकदम ओरडली:

"आपल्या विहिरीखालची वाळू काढायची म्हनत्यात!"

"कसाले?"

"इकायची म्हनून!"

"मंग पानी?"

"पानी जाईल! ऐलगावच्या विहिरी गेल्या तशी आपली भी जाईल! त्यांच्याकडं जार हाय, आपल्याकडं काय हाय? पोरी सकाळी कांद्याला जात्यात, त्या काय पिऊन जातील?"

"मंग कोनी काही बोलत नही का?"

"न्हाय बोलत! पुरुष त्यांच्या ट्रॅक्टरवर हायत! आन् बायांनी बोललं तर देवी कोपती म्हनं!"

म्हातारी गाभाऱ्याकडं वळली. मग पदराआडून हात बाहेर काढून तिनं सरळ देवीलाच विचारलं, "काय वं माय? तू कोपनी का?"

कोणी हसलं नाही. आधी नाही. मग आप्पाच खुसखुसायला लागला, दात नसलेलं तोंड उघडून, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बापू," तो म्हणाला, "म्हातारीला गप कर बघू. जमतंय का बघ."

"हे सभेच्या नोंदीत घ्यायचं नाही," बापू ग्रामसेवकाला म्हणाला. आवाज पहिल्यांदाच मऊ नव्हता. "ठराव मंजूर. सरपंच, सही करा."

त्यानं कागद मनीषासमोर सरकवला. तिनं पेन उचललं. मग टोपण परत लावलं आणि माइक नसताना, जागेवरूनच म्हणाली, "ठराव आज होणार नाही. पुढची सभा शाळेच्या ओट्यावर घेऊ. पैलगावच्या बायांची हरकत लिहून घ्या."

ग्रामसेवकानं बापूकडं बघितलं.

"तिकडं काय बघताय?" मनीषा म्हणाली. "खुर्चीत मी आहे."

सभा अशी संपली. कोणाला कळलंही नाही नेमकी कधी. विहीर वाचली असं मी म्हणणार नाही. पुढची सभा व्हायची आहे, आणि बापूकडं मतं बरीच आहेत. पण आज सही झाली नव्हती. रंजना पायऱ्यांवर बसून पदरानं घाम पुसत होती आणि तिचा नवरा चार हात लांब उभा राहून काय बोलावं ते शोधत होता.

मी चौकटीखाली उभा होतो. मनीषा माझ्याकडं आली. मला वाटलं, आभार मानेल. माणसाला या वयातही असं वाटतं.

"साहेब, मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे वाचायला दिलं होतं," ती म्हणाली. आवाज हळू. "मी माहेरी लिलावात बोलायचे. इथं सगळं बंद. पण मी म्हटलं, चला, देवीसाठी गप्प आहे. त्यात एक मान होता. रोज आरतीला उभी राहायचे ना, तेव्हा वाटायचं, हे माझं तिला देणं आहे. बावीस वर्षं." तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "आता तुम्ही सांगता, ती मस्करी होती. मग मी इतकी वर्षं कुणासाठी गप्प होते?"

मी माफी मागितली.

"माफीचं काय करू?" ती म्हणाली. तिनं गाभाऱ्याकडं बघितलं. देवीवर रागावली होती की माझ्यावर, मला सांगता येणार नाही. बापू मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला चार-पाच माणसांच्या घोळक्यात उभा होता.

"अहो!" तिनं हाक मारली. मंडप रिकामा होत आला होता, त्यामुळं आवाज भिंतीवर आपटून परत आला. घोळक्यातली सगळी माणसं वळली. "साहेब उन्हाचे निघालेत. चहा सांगा!"

बापूनं घोळक्यातल्या माणसांकडं बघितलं. मग चहा सांगायला गेला.